पहिल्या पिढीचे ई-रीडर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील एका गावाचे 'ड' वर्ग सार्वजनिक ग्रंथालय मी बरीच वर्षे सांभाळतो आहे. २०११ च्या दिवाळीत माझ्या भाच्याने अमेरिकेहून येताना एक ई-रीडर, म्हणजे पुस्तके साठवून वाचण्याचे हातात मावणारे यंत्र, आणला आणि चार दिवस हाताळून तो ग्रंथालयालाच देऊन टाकला. पुढच्या तीन-चार वर्षांत पंचक्रोशीत अशी आणखी चार यंत्रे आली : एक निवृत्त गुरुजींकडे, एक कपाशी आणि हरभरा पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडे, एक आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेकडे आणि एक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीकडे. यंत्र अडले की ते माझ्याकडे येई आणि सोबत तेच ते प्रश्न येत, म्हणून उत्तरे एकदाची लिहून काढली. आमच्या स्वतःच्या यंत्रांविषयी लिहिताना कंपनीचे नाव मुद्दाम घेतलेले नाही, कारण जे अनुभव आले ते त्या पिढीतील जवळजवळ सर्वच यंत्रांचे आहेत.

'पहिल्या पिढीचे' म्हणजे नेमके कोणते?

काटेकोरपणे पाहिले तर अगदी पहिली यंत्रे १९९८ मधली. अमेरिकेत त्या वर्षी 'रॉकेट ई-बुक' आणि 'सॉफ्टबुक' ही दोन यंत्रे विक्रीला आली. त्यांची स्क्रीन साध्या एलसीडीची होती. रॉकेटचे वजन सहाशे ग्रॅमच्या वर होते आणि त्यात दहा-एक पुस्तके मावत. २००० मध्ये दोन्ही कंपन्या एकाच मालकाकडे गेल्या आणि २००३ मध्ये तो धंदा बंद झाला. ही यंत्रे आमच्याकडे कोणी पाहिलेली नाहीत.

या पानावर ज्यांच्याविषयी लिहिले आहे ती ई-इंकची, म्हणजे कागदासारखी दिसणारी स्क्रीन असलेली यंत्रे आहेत. त्यांतले पहिले सोनीचे 'लिब्रिए', जे २००४ मध्ये फक्त जपानात निघाले आणि ज्यात घेतलेली पुस्तके साठ दिवसांनी आपोआप बंद पडत. त्यानंतर २००६ मध्ये सोनीचाच 'पीआरएस-५००' अमेरिकेत आला आणि १९ नोव्हेंबर २००७ रोजी अॅमेझॉन कंपनीचे ३९९ डॉलरचे पहिले किंडल आले, जे साडेपाच तासांत संपले असे सांगतात. अमेरिकेबाहेर, म्हणजे भारतातही मागवता येईल असे किंडल ऑक्टोबर २००९ मध्ये निघाले. २०१० मध्ये अहमदाबादच्या इन्फीबीम या कंपनीने 'पाय' नावाचे यंत्र ९,९९९ रुपयांना बाजारात आणले. दुकानात जाऊन, हातात घेऊन, ६,९९९ रुपयांत किंडल विकत घेणे २०१२ च्या ऑगस्टपासून शक्य झाले, अर्थात ते दुकान शहरात असे आणि आमच्यापासून सर्वांत जवळची मोठी शहरे म्हणजे अमरावती आणि नागपूर. २०१२ पासून स्क्रीनला स्वतःचा उजेड असलेली यंत्रे आली. त्यांच्या आधीची ती पहिली पिढी, अशी आमची सोयीची व्याख्या आहे.

यात लाईट का नाही? अंधारात कसे वाचायचे?

हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला गेला आणि अजूनही विचारला जातो. शेतकरी मित्राने यंत्र हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "ह्याच्यात लाईट काऊन नाही जी? बिघडलं त नाही?"

बिघडलेले नाही. मोबाइलची स्क्रीन स्वतः उजेड फेकते, तर ई-इंकची स्क्रीन कागदाप्रमाणे बाहेरचा उजेड परतवते. तिच्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीतील पारदर्शक द्रवात पांढरे व काळे कण तरंगत असतात. पांढऱ्या आणि काळ्या कणांवर एकमेकांच्या विरुद्ध विद्युतभार असतो. खालून विजेचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. वर आलेले कण वीज बंद केल्यावरही तिथेच राहतात. म्हणून पान दिसत राहण्यासाठी वीज लागत नाही, ते बदलण्यासाठी लागते. हे एक वाक्य नीट समजले की या यंत्राच्या निम्म्या शंका संपतात.

उजेड नसण्याचा तोटा रात्री होतो आणि फायदा दिवसा. भर दुपारी धुऱ्यावरच्या निंबाखाली बसल्यावर मोबाइलवर स्वतःचा चेहरा दिसतो, तर या स्क्रीनवर अक्षर आणखी ठळक होते. रात्रीचा उपाय शेतकरी मित्रानेच शोधला. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत कृषिपंपाची वीज रात्री येई, म्हणून वावरातल्या झोपडीत बसून लाईनची वाट पाहावी लागे, आणि त्या जागरणात ते डोक्याला बांधायची बॅटरी लावून वाचत. कपाळावरचा उजेड वरून सरळ पडला की स्क्रीनवर चकाकतो, म्हणून यंत्र मांडीवर थोडे कलते धरायचे, ही त्यांची शिकवण आम्ही सर्वांनी उचलली. पाणी दुसऱ्या सरीत वळवायला उठताना ते यंत्र खाटेवर तसेच उघडे ठेवत आणि परत आले की पान जिथल्या तिथे असे. टॉर्चचा उजेड किड्यांना बोलावतो, त्यावर मात्र कोणालाच उपाय सापडला नाही.

एकदा चार्ज केले की महिनाभर चालते, हे खरे का?

दोन अटींवर खरे आहे. पहिली, वायफाय किंवा थ्रीजी बंद ठेवले पाहिजे. दुसरी, रोज तासाभरापेक्षा फार जास्त वाचू नये. या अटी पाळून ग्रंथालयाचे यंत्र सुरुवातीच्या काळात चार आठवडे सहज चालले. परिचारिकाबाईंच्या यंत्रात मात्र थ्रीजी होते आणि ते बंद करायचे असते हेच त्यांना माहीत नव्हते. उपकेंद्रात रेंज येत-जात असल्याने यंत्र सतत टॉवर शोधत राही आणि चौथ्या दिवशी मान टाकी. टॉवरशी जोडणारा हा भाग, म्हणजे यंत्राचा रेडिओ, बंद करण्याचा पर्याय दाखवल्यावर तेच यंत्र तीन आठवडे चालू लागले. सोनीने आपल्या २००६ च्या यंत्राचा हिशेब तासांत न सांगता 'एका चार्जिंगमध्ये ७,५०० पाने' असा सांगितला होता, आणि माझ्या मते तोच हिशेब प्रामाणिक आहे.

ज्या काळात ही यंत्रे आली त्या काळात गावात भारनियमन रोजचे होते. मोबाइल चार्ज करायला मुले पिठाच्या गिरणीवर रांग लावत. त्या दिवसांत एकदा चार्ज करून पुढच्या अमावास्येपर्यंत विसरून जाता येईल अशी वस्तू घरात असणे ही चैन होती, आणि या यंत्राचे गावात जे थोडेफार कौतुक झाले ते पुस्तकांपेक्षा या एका गुणासाठी झाले, हे मान्य करायला हवे.

एक सावधगिरी सांगतो. यंत्र महिनोन्महिने पूर्ण रिकामे पडू देऊ नये. स्क्रीनवर चित्र दिसत राहते म्हणून ते जिवंत आहे असा समज होतो, आणि बॅटरी मात्र आत मरत असते. वापर नसला तरी दोन महिन्यांतून एकदा चार्ज करावे.

यावर मराठी वाचता येत होते का?

येत होते, पण यंत्राच्या कृपेने नव्हे.

त्या काळातील बहुतेक यंत्रे इंग्रजी वाचकासाठी बनलेली होती. काहींत देवनागरी फाँटच नव्हता, त्यामुळे मराठी मजकुराच्या जागी चौकोनांच्या रांगा दिसत. काहींत फाँट होता, पण अक्षरे जुळवण्याची समज नव्हती. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिताना त्याच्या आधी मांडावी लागते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो. जोडाक्षर नव्याने घडवावे लागते. हे काम यंत्रातील प्रणालीला करावे लागते आणि ती प्रणाली तिथे नव्हती. भाच्याने पहिल्याच दिवशी एक मराठी फाईल घालून दाखवली, तेव्हा 'विदर्भ' या शब्दातील वेलांटी 'व'ला सोडून 'द'च्या डोक्यावर जाऊन बसली होती आणि रफाराचा पाय मोडून 'र' वेगळा उभा होता, म्हणजे शब्द साधारण 'वदिर् भ' असा दिसत होता. गुरुजींनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "हा तर पहिलीतल्या पोराचा शुद्धलेखनाचा पेपर झाला."

यावर आम्हाला सापडलेला मार्ग पीडीएफचा होता. पीडीएफमध्ये फाँट फाईलच्या आतच बांधलेला असतो आणि अक्षरे जुळवण्याचे काम संगणकावर आधीच उरकलेले असते, त्यामुळे यंत्राला मराठी येते की नाही हा प्रश्नच उरत नाही. अडचण आकाराची होती. सहा इंची स्क्रीन म्हणजे सुमारे ९ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर असते. ते अख्खे पान या स्क्रीनवर बसवले की बारा पॉइंटचे अक्षर पाच पॉइंटचे होते, जे औषधाच्या बाटलीवरच्या मजकुराशी स्पर्धा करते. यंत्र आडवे केले तर अक्षर सात पॉइंटपर्यंत येते, पण मग एका पानाचे दोन तुकडे होतात आणि वाचताना धागा तुटतो.

म्हणून आम्ही पुस्तक नव्याने मांडू लागलो. पद्धत अजूनही उपयोगाची आहे. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत, हवा. तो लिबरऑफिस या मोफत लेखन-प्रणालीत घ्यावा, पानाचा आकार ९ गुणिले १२ सेंटिमीटर ठेवावा, चारही बाजूंना तीन-चार मिलिमीटरच समास सोडावा, अक्षर चौदा पॉइंटचे घ्यावे आणि पीडीएफ करावी. फाँट थोड्या जाड रेषेचा निवडावा, कारण नाजूक रेषांच्या फाँटातील अनुस्वार आणि मात्रा राखाडी पार्श्वभूमीवर विरून जातात. हे आम्हाला तीन पुस्तके तयार झाल्यानंतर कळले. पीडीएफमधील अक्षर यंत्रावर वाढवता येत नाही, म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या आम्ही दोन प्रती करत असू : चौदा पॉइंटची सर्वांसाठी आणि अठरा पॉइंटची गुरुजींसाठी.

ज्यांचा मजकूर युनिकोडमध्ये नाही, म्हणजे जुन्या डीटीपीच्या (छपाईसाठी संगणकावर पाने जुळवण्याच्या) फाँटांत बसवलेला आहे, त्यांची गोष्ट वेगळी. तसली पीडीएफ डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते, पण तिच्यातील मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला मिळतो, कारण आत साठवलेली अक्षरे मुळात तीच असतात. फाँट बदलणारी साधने आहेत, त्यांतून काम होते, पण नंतर ओळ न ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. स्कॅन केलेल्या पुस्तकाचे समास कापून पान मोठे दिसेल असे करता येते. त्यापलीकडे जाण्याचा मोह धरू नये.

'कॅलिबर' या मोफत प्रणालीचा उल्लेख केल्यावाचून हे उत्तर पुरे होणार नाही. पुस्तकांची यादी ठेवणे, एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेणे आणि यंत्रात भरणे ही तिन्ही कामे ती करते. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये, सोनीचा तो ५०० क्रमांकाचा रीडर लिनक्सवर चालत नाही म्हणून, तिची सुरुवात केली. एका मालकाच्या अडचणीतून निघालेली वस्तू असल्याने मालकांच्या अडचणी तिला कळतात, असे मला नेहमी वाटत आले आहे.

किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये आली, तीही हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमसोबत. तोपर्यंत आमच्या यंत्राची पाच वर्षे झाली होती.

मराठी पुस्तके आणायची कुठून? कोणतेही पुस्तक असे करून घेता येते का?

येत नाही. भारतातील कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० चे, म्हणजे त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले. योगायोगाने आमचे यंत्र त्याच वर्षी आले, त्यामुळे पहिली भर साने गुरुजींचीच पडली. राम गणेश गडकरी, हरि नारायण आपटे, केशवसुत, महात्मा फुले यांचे लेखन फार पूर्वीच खुले झालेले आहे. गडकऱ्यांचा मृत्यू १९१९ मध्ये आपल्याच विदर्भातील सावनेरला झाला, हे वाचकांना सांगितले की नाटक न वाचणारा माणूसही एकदा फाईल उघडून पाहतो. ग्रामगीतेची मागणी आमच्याकडे सर्वांत जास्त होते, परंतु राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण १९६८ चे असल्याने हाच हिशेब लावला तर ती मुदत २०२८ च्या अखेरीस संपते. ग्रामगीतेच्या छापील प्रती ग्रंथालयात पुरेशा आहेत, त्या न्याव्यात.

मजकुरासाठी मराठी विकिस्रोत हे हक्कमुक्त साहित्याचे मोफत संकेतस्थळ हा पहिला पत्ता. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने पीडीएफ रूपात मोफत ठेवलेली आहेत, पण ती मोठ्या पानाची आहेत आणि काही स्कॅन केलेली आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने मराठी पुस्तके विनामूल्य देते. इंग्रजीसाठी १९७१ पासून चालत आलेला, हक्कमुक्त पुस्तके मोफत देणारा प्रोजेक्ट गटेनबर्ग आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलीने त्यावरची सोपी इंग्रजी पुस्तके घेतली आणि यंत्रातच असलेल्या इंग्रजी शब्दकोशाच्या बळावर, अडलेल्या शब्दापाशी बाण नेऊन थांबायचे आणि तळाशी उमटणारा अर्थ वहीत उतरवायचा, असे करत तीन वह्या भरल्या. त्या पाच यंत्रांपैकी पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते तिच्याच यंत्राचे.

पान उलटताना स्क्रीन काळी का होते?

आधीच्या पानाची अक्षरे पुसट उरू नयेत म्हणून यंत्र सर्व कण एकदा खाली-वर करून घेते. त्याला अर्धा-पाऊण सेकंद लागतो. दोन दिवसांत सवय होते.

वयस्कर माणसांना जमते का?

वाचणे जमते, यंत्र चालवणे अवघड जाते. अक्षर मोठे करून घेण्याची सोय, मराठीसाठी ती पीडीएफ बनवतानाच का असेना, हा या यंत्राचा सर्वांत मोठा गुण आहे. गुरुजींच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि दुसऱ्याचे लांबले होते, त्या सात-आठ महिन्यांत छापील पुस्तक त्यांनी हातातही धरले नाही, पण अठरा पॉइंटच्या प्रती वाचत राहिले. यंत्राचे वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जाड कादंबरीपेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे खाटेवर पडून छातीवर टेकवून वाचता येते.

अडते ते मेनूपाशी. सगळ्या सूचना इंग्रजीत, बटणे बारीक, आणि चुकून भलतीकडे गेले की परत येण्याची वाट सापडत नाही. आमच्या ग्रंथालयात येणाऱ्या एका आजींनी यावर साधी युक्ती केली. त्यांनी नातवाकडून उजव्या कडेच्या 'पुढचे पान' या बटणावर नखपॉलिशचा लाल ठिपका लावून घेतला आणि त्या ठिपक्याशिवाय दुसऱ्या कशालाही बोट लावायचे नाही असा नेम केला. "मले मांगं जायाचंच नाही," असे त्या म्हणत. जुन्या यंत्रांना खरीखुरी बटणे होती म्हणून हे शक्य झाले. पुढे बोटाने स्क्रीन ढकलायची यंत्रे आली तेव्हा त्यांच्या राठ, कोरड्या बोटांना स्क्रीन दाद देईना आणि त्यांचे वाचन थांबले.

उन्हाळ्यात यंत्राला काही होते का?

होते. या यंत्रांच्या माहितीपत्रकात वापरण्याचे तापमान साधारणपणे ३५ अंशांपर्यंतच सांगितलेले असे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांवर असतो आणि टिनाच्या छताखालची खोली त्याहून तापते. उन्हात वाचल्याने स्क्रीन लगेच बिघडत नाही, पण लिथियमची बॅटरी उष्णतेत वेगाने म्हातारी होते. शेतकरी मित्राचे यंत्र दोन उन्हाळे झोपडीच्या टिनाखाली लटकत्या पिशवीत राहिले आणि तिसऱ्या वर्षी त्याची बॅटरी आठवड्यावर आली, तर ग्रंथालयाचे यंत्र मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेले असल्याने बरेच टिकले. माठावर ओला कपडा टाकतात तसा यंत्रावर टाकू नये. हसू नका, एकाने टाकला होता.

दुपारी मोटारसायकलच्या डिकीत ठेवणे, कूलरच्या तोंडाशी ठेवणे आणि चार्जिंगला लावून उन्हात ठेवणे, या तीन गोष्टी टाळाव्यात. कूलरचे नाव पाहून आश्चर्य वाटेल, पण त्याच्या दमट हवेने एका यंत्राची चार्जिंगची खाच गंजली.

पिशवीत ठेवले होते, पडले नाही, तरी स्क्रीन गेली. असे का?

या प्रश्नाचे उत्तर मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. २०१४ च्या पावसाळ्यात तालुक्याच्या बैठकीसाठी एसटीने निघालो होतो. यंत्र कापडी झोळीत, त्याच्यावर जेवणाचा स्टीलचा डबा आणि झोळी मांडीवर. गाडीत उभ्याने गर्दी होती आणि एका वळणावर शेजारचे गृहस्थ कोपर टेकून माझ्या झोळीवर रेलले. काही वाजले नाही, काही तुटल्यासारखेही वाटले नाही. दारव्ह्याला उतरून यंत्र काढले तेव्हा वरचा पृष्ठभाग हाताला अगदी गुळगुळीत लागत होता, एक ओरखडाही नव्हता, पण वरच्या उजव्या कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा निघाल्या होत्या. झोपलेल्या यंत्रावर एका परदेशी लेखिकेचे चित्र असे, त्याचा डावा गाल आणि एक डोळा तेवढा शिल्लक होता. बटण दाबले की खालच्या अर्ध्या भागात पुस्तकाची ओळ उमटे आणि वर तो डोळा तसाच पाहत राही. आजही पाहतो आहे.

कारण असे की, वर प्लास्टिकचा पातळ थर असला तरी आत कणांना वीज पोहोचवणारी जाळी अतिशय पातळ काचेवर असते. त्या काचेला टोकाचा दाब सहन होत नाही. पडण्यापेक्षा दाबानेच ही यंत्रे जास्त जातात, आणि जिथे तडा जातो तिथली चित्रे कायमची गोठतात. दुरुस्ती म्हणजे अख्खी स्क्रीन बदलणे. नागपूरच्या एका दुकानदाराने जो भाव सांगितला त्यात थोडी भर घातली असती तर नवे यंत्र आले असते. पुढे भाच्याने दुसऱ्या एका जुन्या यंत्राची स्क्रीन पाठवली आणि एका मोबाइल दुरुस्त करणाऱ्या तरुणाने ती दोन तासांत बसवून दिली. चित्राची जुनी स्क्रीन मी कपाटात ठेवली आहे, नव्या वाचकाला यंत्र देण्याआधी तीच दाखवतो.

पुठ्ठ्याचे टणक कव्हर वापरावे. आमच्या ग्रंथालयात जुन्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्यांना खणाचे कापड चिकटवून केलेले कव्हर आहे आणि त्यानंतर एकही स्क्रीन गेलेली नाही.

ग्रंथालयाच्या दप्तरी याची नोंद कशी करावी?

आम्हाला यावर तीन बैठका लागल्या. दाखलनोंद वहीत प्रत्येक पुस्तकाला एक क्रमांक असतो. यंत्राला एक क्रमांक द्यावा, तर आत सत्तर पुस्तके आहेत. सत्तर क्रमांक द्यावेत, तर पुस्तके दाखवायची कुठे, आणि उद्या फाईल पुसली गेली तर ती गहाळ धरायची की बाद? शेवटी यंत्राची नोंद खुर्ची, टेबल, घड्याळ यांच्याबरोबर जडवस्तू नोंदवहीत केली आणि आतील पुस्तकांची वेगळी यादी वहीच्या मागे जोडली. कागदोपत्री आमचा ई-रीडर घड्याळाच्या खाली आणि सतरंजीच्या वर आहे. देवाणघेवाणीला मात्र पुस्तकाचेच नियम लावले : सात दिवस, अनामत रक्कम आणि परत करताना चालू करून दाखवणे.

विकत घेतलेली पुस्तके खरोखर आपली असतात का?

आपण बहुधा वाचण्याचा परवाना घेत असतो, वस्तू नव्हे. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून दूरूनच पुसून टाकली होती आणि नंतर त्याबद्दल माफी मागितली. त्यांपैकी एक '१९८४', म्हणजे सरकार जुन्या नोंदी पुसत राहते अशी कादंबरी होती, हे वाचून गुरुजी बराच वेळ हसत होते. घरी तयार केलेल्या पीडीएफला असा धोका नाही. तिची एक प्रत संगणकावर आणि एक पेनड्राइव्हवर ठेवावी.

माझे जुने यंत्र आता इंटरनेटला जोडले जात नाही. ते बाद झाले का?

वाचण्यासाठी बाद झालेले नाही. बहुतेक ठिकाणी थ्रीजीची सेवाच उरलेली नाही, त्यामुळे केवळ त्यावर चालणारा रेडिओ निकामी झाला. वायफाय असलेल्या जुन्या किंडलांना २२ मार्च २०१६ च्या आधी एक सुधारणा घेणे आवश्यक होते. ज्यांनी ती वेळेत घेतली नाही त्यांना ती नंतर संगणकावरून वायरने घालावी लागली. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस विकत घेतलेले किंडल पुस्तक संगणकावर उतरवून वायरने यंत्रात नेण्याची सोयही बंद झाली. म्हणजे दुकानाशी असलेले नाते जवळजवळ संपले. पण वायर जोडल्यावर यंत्र अजूनही पेनड्राइव्हसारखे उघडते, आणि 'डॉक्युमेंट्स' नावाच्या फोल्डरमध्ये स्वतःची फाईल टाकली की ती यादीत दिसते. आमच्या यंत्राने २०१३ नंतर इंटरनेट पाहिलेले नाही आणि त्याची उणीव कोणाला भासलेली नाही.

आता असे जुने यंत्र कोणी विकत असेल तर घ्यावे का?

पाचशे-सातशे रुपयांत, तेही हातात घेऊन पाहता आले तर घ्यावे; न पाहता मागवू नये. स्क्रीनवर चित्र दिसते म्हणून समाधान मानू नये, कारण बंद यंत्रावरही चित्र दिसते. चालू करून किमान दहा पाने उलटावीत आणि कोणत्या कोपऱ्यात रेषा राहते का ते तिरक्या उजेडात पाहावे. पाठ सपाट टेबलावर ठेवून यंत्र डुगडुगते का ते तपासावे. डुगडुगत असेल तर आतली बॅटरी फुगलेली असण्याचा संभव आहे आणि तसले यंत्र फुकटही घरात आणू नये. चार्जिंगच्या खाचेत वायर सैल बसते का, आणि मुख्य म्हणजे मागच्या मालकाचे खाते त्यातून काढून टाकलेले आहे का, हे पाहावे. दोन्ही बाजूंची पान उलटण्याची बटणे दाबून पाहावीत. आमच्या यंत्राचे डावीकडचे बटण गेल्या तीन वर्षांपासून बंद आहे आणि डावखुऱ्या वाचकांची त्याबद्दल तक्रार असते; लाल ठिपका असलेले उजवीकडचे मात्र अजून चालते.